मदत हवी आहे: ३२ जीबीच्या डिस्कवर फ्रीबीएसडी, विभागणी कशी करू?

नमस्कार मंडळी,

एक जुनं वर्कस्टेशन हाती आलंय. रॅम ४ जीबी, एसएसडी ३२ जीबी, दुसरी डिस्क बसवायला जागा नाही. त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून रोजचं सी प्रोग्रॅमिंग करायचंय.

पहिल्या खेपेला मी रूट (मूळ सिस्टिम), व्हार (लॉग, कॅश वगैरे), टीएमपी (तात्पुरत्या फाइल्स) आणि होम (माझ्या फाइल्स) असे वेगवेगळे भाग केले. व्हारला २ जीबी दिले, तो पॅकेजेस उतरवता उतरवताच भरला. 'डीएफ' ही डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड चालवून बघितली तर व्हारसमोर १०४ टक्के! यूएफएस ही फाइल सिस्टिम ८ टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते, म्हणून आकडा शंभरापुढे जातो, हे नंतर कळलं. उतरवलेली पॅकेजेस व्हारमधल्या कॅशमध्येच पडून होती; 'पीकेजी क्लीन -ए' चालवल्यावर थोडी जागा मोकळी झाली. पण तेव्हा होममध्ये १५ जीबी नुसते रिकामे होते, त्याचीच जास्त हळहळ वाटली.

आता सगळं पुसून नव्याने बसवतोय. २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) आणि बाकी सगळा एकच रूट, असा माझा कल आहे. पण एखादी लॉग फाइल बेसुमार वाढली तर अख्खी सिस्टिमच अडेल ना? झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये सगळे डेटासेट (म्हणजे तिथले विभाग) एकाच पूलमधली, म्हणजे सामायिक साठ्यातली, जागा वापरतात, शिवाय कॉम्प्रेशन मिळतं, म्हणजे माझी मूळ अडचणच मिटते. ४ जीबी रॅमवर ते कुणी रोज वापरतंय का? कंपाइल करताना मशीन रेंगाळतं का?

पोर्ट्स (सोर्सवरून स्वतः कंपाइल करून सॉफ्टवेअर बसवायची सोय) टाकणार नाही, तयार पॅकेजेसवर भागेल. डीबग फाइल्स आणि ३२-बिट लायब्ररीही वगळल्या तर पुढे काही अडेल का? शनिवारी इन्स्टॉल करायला बसणार आहे, त्याआधी कुणी अनुभव सांगितला तर फार मदत होईल.