दह्याला तार येतेय, विरजण बदलावं का? (मदत हवी आहे)

मुंबईत वीसेक वर्षं दही लावलं, त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. रात्री विरजण, सकाळी दही. नोव्हेंबरात नाशिकला आलो आणि दही रुसलं.

आधी लागेचना. सकाळी पातेलं कलतं करावं तर नुसतं दूध हलायचं. म्हणून एका चमच्याच्या जागी तीन चमचे विरजण घातलं. लागलं, पण आंबटढाण आणि पार चोथापाणी. आता आठवडाभर तिसरंच: दिसायला घट्ट, वर साय, आणि चमचा उचलला की मधासारखी तार लोंबते. वास नाही, चव बरी आहे. पण लेक 'शेंबूड' म्हणून वाटी सरकवते.

गायीचं पिशवीचं दूध, १ लिटर. उकळी आली की गॅस बंद. बोटाला सोसवेल इतपत निवलं की विरजण ढवळते. स्टीलचं पातेलं, ओट्यावर, रात्री दहाला. विरजण आईकडचं, बरणी मांडीवर घेऊन ट्रेनने आणलंय (हसू नका), म्हणून टाकवत नाही. दही लावायचं यंत्र सुचवू नका, ओट्यावर जागा नाही.

सायीची वाटी: नाशिकच्या थंडीत ओट्यावर? ग्रॅनाइटवरचं पातेलं तासाभरात गार पडतं. विरजणात जंतूंच्या बऱ्याच जाती असतात. काहींना ४०-४२ अंश लागतात, काही २०-२५ला सुखात असतात. थंडीत हे दुसरे वरचढ होतात आणि त्यांच्यातले काही साखरेच्या लांब साखळ्या तयार करतात. तुमची तार ती हीच. त्यातलंच विरजण पुढे चालवलं की रोज त्यांचीच भरती. फिनलंडमध्ये 'व्हीली' म्हणून असं तारेचं दही आवडीने खातात, पण लेकीला ते सांगून उपयोग नाही.

मूळ पोस्टकर्ती: म्हणजे आईचं विरजण बिघडलं नाही, मीच गारठवलं?

सायीची वाटी: हो. शेजारून चांगलं दही आणा आणि थोडे दिवस दोन भांडी चालवा. एकात शेजारचं, एकात आईचं, दोन्ही उबेत. आईच्यातली तार दोन-चार फेऱ्यांत बहुतेक कमी होईल. विरजण अर्ध्या लिटरला एक लहान चमचाच. जास्त घातलं की आंबट लवकर होतं.

खरवसप्रेमी: कॅसरोल घ्या. त्यात आधी कढत पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं, पाणी काढून मग दूध. वरून जुनी शाल गुंडाळायची. एकदा लावलं की सकाळपर्यंत हलवायचं नाही, झाकण उघडून बघायचंही नाही. मी बघतेच, ती गोष्ट वेगळी. आणि उकळी आल्याबरोबर गॅस बंद करू नका, मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत आटवा. कवडी पडेल असं दही लागतं.

मूळ पोस्टकर्ती: मिरचीच्या देठांचं कोणी करून बघितलंय?

खरवसप्रेमी: घरात विरजणच नसेल तेव्हा करते. कोमट दुधात देठासकट दोन-तीन मिरच्या, दहा-बारा तास उबेत. पहिलं दही पातळच होतं, ते खायचं नाही, विरजण म्हणूनच वापरायचं. तुमच्याकडे आईचं असताना कशाला ती खटपट?

मूळ पोस्टकर्ती: चार दिवसांनी लिहितेय. शेजारच्या काकूंचं दही कॅसरोलमध्ये सहा तासांत लागलं, सुरीने कापावं असं. लेकीने मागून घेतलं. आधीच्या तारेच्या दह्याची कढी केली, बेसन लावून उकळल्यावर कोणाला पत्ता लागला नाही. आईच्या विरजणाची काल दुसरी फेरी झाली. तार आहे अजून, पण वाटीपासून तोंडापर्यंत येत नाही, मधेच तुटते. आज रात्री तिसरी लावतेय, शाल दुहेरी करून.