एमबीबीएसला पर्याय: बी.व्ही.एस्सी. (व्हेटर्नरी) की बीपीटीएच (फिजिओथेरपी)? मदत हवी आहे

भाचीने यंदा नीट (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) दिली. निकाल यायचाय, पण उत्तरतालिकेवरून ७२० पैकी ४०० च्या आसपास बसतायत. सरकारी एमबीबीएस अवघड दिसतंय, खासगीची फी झेपणारी नाही. महाराष्ट्राचं डोमिसाइल, ओपन, ईडब्ल्यूएसमध्ये बसत नाही. रिपीट करून झालंय. आता पुन्हा ड्रॉप नको, असं तिचंच म्हणणं. एमएचटी-सीईटी (पीसीबी) दिली आहे, पण बी.फार्मला ती तयार नाही. बीएएमएस सुचवू नका प्लीज, त्यावर घरात भरपूर खल झालाय.

सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेशपरीक्षा कक्ष) गेल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या पाहिल्या. एका काउन्सेलरलाही भेटलो; त्याचा सगळा जोर खासगी कॉलेजातल्या सीटवर, त्यामुळे फार काही हाती लागलं नाही. सरकारी बीपीटीएचच्या जागा मोजक्याच आहेत. मला व्हेटर्नरी जास्त पटतंय. घरी गोठा आहे, अडलेल्या गाईच्या वेळी ही पोरगी डॉक्टरांच्या शेजारी टॉर्च धरून उभी असते, किळस वगैरे काही नाही.

अडचण अशी की व्हेटर्नरीसाठी माफसूचा (राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ) अर्ज आणि प्रवेशफेऱ्या वेगळ्या, एमबीबीएसच्या फेऱ्या सीईटी सेलकडे. समजा माफसूत आधी प्रवेश घेतला, मूळ कागदपत्रं तिथे जमा केली आणि नंतरच्या फेरीत एमबीबीएस लागलं, तर टीसी आणि मार्कशीट वेळेत परत मिळतात का? फी किती कापतात? आणि व्हेट झालेल्या मुलींना सरकारी नोकरी सोडून प्रॅक्टिस कितपत जमते?