प्रिंटर सारखा 'ऑफलाइन' दाखवतो, सभेच्या नोटिसा अडकल्या आहेत. मदत हवी आहे

खाजणकाठ | ४ सप्टेंबर, सकाळी ११:२०

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका पतसंस्थेत लिपिक आहे. आमच्या कार्यालयातील प्रिंटर गेला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी 'ऑफलाइन' दाखवतो आणि दिलेली छपाई रांगेत तशीच पडून राहते. प्रिंटर चालू असतो, हिरवा दिवा लागलेला असतो, त्यावर झेरॉक्स काढली तर ती स्वच्छ निघते. संगणकावरून छपाई दिली की मात्र एकही पान येत नाही.

ज्यांच्याशी वार्षिक देखभालीचा करार आहे, ते तंत्रज्ञ चार वेळा येऊन गेले. ते संगणकातून प्रिंटर काढून पुन्हा जोडतात, त्यांच्यासमोर दोन पाने छान निघतात, आणि दोन दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता ते म्हणतात की प्रिंटरमधील बोर्ड गेला आहे आणि नवीन बसवावा लागेल. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, आमच्या उपविधीप्रमाणे नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि १,१४० सभासदांच्या नोटिसा अजून संगणकातच आहेत. बोर्ड बदलावा की नाही, एवढेच कृपया लवकर सांगा. बंद करून चालू करण्याचा उपाय करून झाला आहे.

केबलकथा | ४ सप्टेंबर, दुपारी १२:०५

ताई, एवढ्या माहितीवर बोर्डाबद्दल काहीही सांगणे योग्य होणार नाही. प्रिंटर एका संगणकाला यूएसबी वायरने जोडला आहे, राउटरला नेटवर्कच्या वायरने जोडला आहे की वायफायवर आहे? कार्यालयात संगणक किती आहेत, आणि बिघाड सगळ्यांवर एकाच वेळी होतो की एखाद्यावरच? विंडोज कोणती आहे?

जुना टंकलेखक | ४ सप्टेंबर, दुपारी १२:४०

माझा स्पष्ट सल्ला असा की, लेझर प्रिंटरच्या नादी लागू नये. आमच्या शाळेत आम्ही शाईच्या टाकीचा प्रिंटर घेतला असून तीन वर्षांत एकदाही तंत्रज्ञ बोलवावा लागलेला नाही. शाईची बाटली स्वस्त येते आणि ती कोणालाही भरता येते. बोर्डावर होणारा खर्च नव्या यंत्रात घालावा.

खाजणकाठ | ४ सप्टेंबर, दुपारी १:१५

प्रिंटर काळा-पांढरा लेझर आहे आणि राउटरला वायरने जोडलेला आहे. तीन संगणक आहेत, तिन्हींवर विंडोज १० आहे आणि बंद पडला की तिन्हींवर एकदमच बंद पडतो. नवीन प्रिंटर घेण्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागतो, त्यामुळे तो मार्ग सध्या बंद आहे. बोर्डाविषयी अजून कोणीच सांगितलेले नाही.

निळा पडदा | ४ सप्टेंबर, दुपारी १:५०

हा विंडोजच्या अपडेटचा दोष आहे. सप्टेंबर २०२१ मधील अपडेटनंतर आमच्या कार्यालयात नेमके असेच झाले होते. शेअर केलेला प्रिंटर जोडताना शेवटी '११बी' असलेला त्रुटीसंकेत येत असे. आम्ही ते अपडेट काढून टाकले आणि पुढची अपडेटही थांबवली. तुम्हीही तेच करावे.

केबलकथा | ४ सप्टेंबर, दुपारी २:३०

निळा पडदा, या सल्ल्याला माझा पूर्ण विरोध आहे. तो त्रुटीसंकेत एका विंडोज संगणकावरून दुसऱ्याला शेअर केलेल्या प्रिंटरबाबत येत असे. ताईंचा प्रिंटर थेट राउटरवर आहे. शिवाय त्या वर्षीचे ते बदल छपाईच्या सेवेतील गंभीर सुरक्षात्रुटी बुजवण्यासाठी आलेले होते. जिथे सभासदांच्या ठेवींचा हिशेब राहतो, त्या संगणकावरील सुरक्षेची अपडेट काढा असे सांगू नये. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे, तेव्हा याबाबत जास्तच सावध राहिले पाहिजे.

ताई, पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा संगणकावर प्रिंटरच्या गुणधर्मांत 'पोर्ट्स' या पानावर कोणता आयपी पत्ता (नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक) आहे ते पाहा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटा चाचणी-संदेश पाठवून, उत्तर येते का ते कळवा.

खाजणकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी १०:३५

आज सकाळी पुन्हा बंद आहे. पोर्टमध्ये १९२.१६८.१.५ हा पत्ता दिसतो. पिंग केले, चारही वेळा उत्तर आले.

निळा पडदा | ५ सप्टेंबर, सकाळी १०:५०

उत्तर येते आहे म्हणजे नेटवर्क ठीक आहे हे सिद्ध झाले. आता दोष संगणकातच असणार. छपाईची रांग सांभाळणारी 'प्रिंट स्पूलर' ही सेवा थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम ३२, स्पूल आणि प्रिंटर्स अशा क्रमाने आतल्या फोल्डरमध्ये जाऊन तेथील सर्व फाइली काढून टाका आणि सेवा पुन्हा सुरू करा.

खाजणकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी ११:४०

केले. रांग रिकामी झाली, पण प्रिंटर अजूनही ऑफलाइनच आहे आणि रांगेत असलेल्या ४३ नोटिसा मला पुन्हा द्याव्या लागणार आहेत. मी खिडकीवरचे सभासद थांबवून हे करत आहे, तेव्हा खात्री असेल तेच कृपया सांगा.

रद्दी ते रीम | ५ सप्टेंबर, दुपारी १२:१०

मी कागदाच्या व्यवसायात आहे. कोकणात पावसाळ्यात रीम उघडी ठेवली की कागद हवेतले पाणी ओढतो, त्याच्या कडा पन्हाळीसारख्या वळतात, दोन पाने एकदम ओढली जातात आणि तप्त रुळाखालून बाहेर येताना त्यातून वाफ निघते. रीम फोडल्यावर उरलेला कागद मूळ वेष्टनात परत गुंडाळून बंद कपाटात ठेवावा. रात्री ट्रेमध्ये कागद मुळीच ठेवू नये. ७० ऐवजी ७५ किंवा ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घेतल्यास अडकणे बरेच कमी होते.

खाजणकाठ | ५ सप्टेंबर, दुपारी १२:२५

आपले म्हणणे पटते, पण आमचा कागद अडकत नाही. छपाईचा आदेश प्रिंटरपर्यंत पोहोचतच नाही.

जुना टंकलेखक | ५ सप्टेंबर, दुपारी १२:४५

वाफेचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. शाईच्या प्रिंटरमध्ये तप्त रूळच नसतो.

रद्दी ते रीम | ५ सप्टेंबर, दुपारी १:०५

परंतु त्याची शाई पाण्यात विरघळणारी असेल तर पावसात पोस्टमनच्या पिशवीतून गेलेल्या नोटिशीवरचे नाव फुटते. लेझरची भुकटी म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिक असते, ती उष्णतेने कागदावर वितळून बसते आणि पाण्याने पसरत नाही. सप्टेंबरमध्ये टपालाने पाठवायच्या कागदासाठी मी लेझरचाच आग्रह धरीन.

केबलकथा | ५ सप्टेंबर, दुपारी १:३०

पिंगला उत्तर आले, एवढ्यावरून ते उत्तर प्रिंटरनेच दिले असे ठरत नाही. ताई, प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून 'कॉन्फिगरेशन रिपोर्ट' किंवा 'नेटवर्क रिपोर्ट' हे पान काढा. झेरॉक्स निघते म्हणजे हे पानही निघेल. त्यावर आयपी पत्ता काय छापला आहे ते सांगा. आणखी एक गोष्ट हवी आहे: प्रिंटर ज्या ज्या दिवशी बंद पडला, त्याच्या आदल्या दिवशी किंवा रात्री कार्यालयात काय घडले होते? साफसफाई, वायर हलवणे, कोणी नवीन मोबाइल वायफायला जोडणे, काहीही असो.

खाजणकाठ | ५ सप्टेंबर, दुपारी २:५०

पान काढले. त्यावर १९२.१६८.१.८ छापले आहे. संगणकात मात्र १.५ आहे. हे दोन वेगळे कसे?

आदल्या दिवशी विशेष काहीच घडलेले नव्हते. काल रात्री वीज गेली होती ती पहाटे आली, पण पावसाळ्यात ती आमच्याकडे एक दिवसाआड जातेच, म्हणून ते लिहिण्याचे मला सुचले नाही. आता तक्रारवही उघडून पाहिली. तंत्रज्ञांना बोलावल्याच्या चारही तारखांच्या आदल्या रात्री वीज गेलेली होती. पहारेकऱ्यांच्या नोंदीत तसे लिहिलेले आहे.

केबलकथा | ५ सप्टेंबर, दुपारी ३:२०

मग माझ्या मते बोर्डाला काहीही झालेले नाही आणि त्यावर आज एक रुपयाही खर्च करू नये.

आपला राउटर प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता आपोआप वाटतो. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि बऱ्याच साध्या राउटरना आधी कोणता पत्ता कोणाला दिला होता हे परत सुरू झाल्यावर आठवत नाही. जे यंत्र आधी मागेल त्याला मोकळा असलेला पत्ता मिळतो. पहाटे वीज आल्यावर जे यंत्र आपोआप सुरू झाले त्याने १.५ घेतला; तुम्ही दहा वाजता प्रिंटर चालू केला, त्याच्या वाट्याला १.८ आला. संगणकांना मात्र प्रिंटरचा जुनाच पत्ता लिहून दिलेला आहे. ते १.५ वर छपाई पाठवतात, तेथे प्रिंटर नाही, म्हणून विंडोज 'ऑफलाइन' म्हणते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. तंत्रज्ञांनी प्रिंटर पुन्हा जोडला की संगणकाला त्या दिवशीचा पत्ता मिळतो आणि पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत सारे सुरळीत चालते.

खात्री करून घ्या. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.५ लिहा आणि काय उघडते ते पाहा.

खाजणकाठ | ५ सप्टेंबर, दुपारी ३:३५

हजेरीच्या यंत्राचे पान उघडले! दारापाशी अंगठा लावायचे जे यंत्र आहे, त्याचेच नाव वर आले आणि ते पासवर्ड मागत आहे. ते यंत्र जुलैच्या अखेरीस बसवले आणि प्रिंटरचा त्रास ऑगस्टपासूनचा आहे. म्हणजे महिनाभर आम्ही नोटिसा हजेरीच्या यंत्राकडे पाठवत होतो.

निळा पडदा | ५ सप्टेंबर, दुपारी ३:५०

पिंगवरून मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, हे मान्य करतो. मात्र स्पूलर साफ करणे वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण पत्ता दुरुस्त झाल्यावर अडकलेली जुनी छपाई एकदम बाहेर पडली असती.

केबलकथा | ५ सप्टेंबर, दुपारी ४:१०

ते बरोबर आहे.

ताई, कायमचा उपाय म्हणजे प्रिंटरला न बदलणारा पत्ता देणे. सर्वांत चांगले राउटरमध्ये, तेथे प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) नोंदवून त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवता येतो. राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे का?

खाजणकाठ | ५ सप्टेंबर, दुपारी ४:२५

पासवर्ड इंटरनेट देणाऱ्यांकडे आहे. त्यांना दूरध्वनी केला, त्यांचा माणूस सोमवारी येणार. नोटिसा तोपर्यंत थांबू शकत नाहीत.

केबलकथा | ५ सप्टेंबर, दुपारी ४:४५

मग त्यांना एवढेच विचारा की राउटर कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंतचे पत्ते वाटतो. ते २ ते १०० म्हणाले तर प्रिंटरला त्याबाहेरचा, समजा १९२.१६८.१.२००, असा पत्ता त्याच्या बटणांवरून देता येईल. तेथे 'ऑटो' च्या जागी 'मॅन्युअल' करा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता द्या. तो बहुधा १९२.१६८.१.१ असेल, तरी कॉन्फिगरेशनच्या पानावरून पडताळून घ्या. वाटपाच्या पट्ट्यातलाच आकडा दिलात तर दोन यंत्रे एकाच पत्त्यावर भांडत बसतील, म्हणून विचारल्याशिवाय हे करू नका.

नंतर तिन्ही संगणकांवर 'पोर्ट्स' मध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी' प्रकारचे नवे पोर्ट या पत्त्याने तयार करा आणि प्रिंटर त्यावर न्या. ड्रायव्हर काढण्याची गरज नाही.

उंबरठा | ५ सप्टेंबर, सायंकाळी ५:१०

इतकी खटपट करण्यापेक्षा प्रिंटर आणि राउटर दोन्ही कार्यालयाच्या यूपीएसवर घ्यावेत, म्हणजे वीज गेली तरी काही बंदच पडणार नाही.

केबलकथा | ५ सप्टेंबर, सायंकाळी ५:२५

राउटर अवश्य घ्यावा, त्याला अगदी थोडी वीज लागते. लेझर प्रिंटर मात्र संगणकाच्या लहान यूपीएसवर कधीही लावू नये. भुकटी वितळवणारा रूळ तापवताना तो एकदम शेकडो वॉट ओढतो, ६०० व्हीएच्या यूपीएसला ते झेपत नाही आणि तो भर कामात बंद पडून सगळे संगणक घेऊन जातो. आणि रात्रभर वीज नसेल तर यूपीएसवरचा राउटरही बंद पडणारच, म्हणून पत्ता कायमचा करणे टाळता येणार नाही.

खाजणकाठ | ६ सप्टेंबर, सायंकाळी ६:४०

इंटरनेटवाल्यांनी वाटपाचा पट्टा २ ते १०० असल्याचे सांगितले. प्रिंटरला २०० दिला, तिन्ही संगणकांवर नवे पोर्ट केले. काल रात्री आणि आज दुपारी, अशी दोनदा वीज गेली आणि आली. दोन्ही वेळा पहिलेच पान लगेच निघाले. आतापर्यंत ६८० नोटिसा छापून झाल्या असून शिपाई काका घड्या घालून पाकिटांत भरत आहेत. रीम आता रात्री कपाटात जाते, तेही ऐकले आहे. बोर्ड नको, असे तंत्रज्ञांना लेखी कळवले.

एक मात्र राहिले. प्रिंटरवरून स्कॅन केलेले कागद पूर्वी व्यवस्थापकांच्या संगणकातील फोल्डरमध्ये जात असत, ते महिनाभर जात नाहीत. मला वाटले होते की तोही बोर्डाचाच दोष आहे.

केबलकथा | ६ सप्टेंबर, सायंकाळी ७:०५

तेथे उलट दिशेने तेच झालेले असणार. प्रिंटरच्या स्मरणात व्यवस्थापकांच्या संगणकाचा जुना आयपी लिहिलेला असेल आणि वीज गेल्यानंतर त्या संगणकालाही नवा पत्ता मिळाला असेल. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२०० उघडा, स्कॅनच्या नोंदीत कोणता पत्ता आहे ते पाहा, आणि सोमवारी इंटरनेटवाल्यांचा माणूस आला की त्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये राखून घ्या. हजेरीच्या यंत्राचाही त्याच बैठकीत राखून घ्या. कोणते यंत्र कोणत्या पत्त्यावर आहे ते एका कागदावर लिहून राउटरशेजारच्या भिंतीवर चिकटवा, म्हणजे तंत्रज्ञ पाचव्या वेळी आले तर ते आधी तो कागद वाचतील.

खाजणकाठ | ६ सप्टेंबर, सायंकाळी ७:१५

कागद आत्ताच छापला. मनापासून आभार. उरलेल्या ४६० नोटिसा उद्या सकाळी.