खारपाणपट्ट्यातल्या विहिरींवर पेपर करायचा आहे, विषय लहान कसा करू?

दर्यापूर_रसायन:
एमएस्सी दुसरं वर्ष. 'दर्यापूर तालुक्यातील भूजलाचा अभ्यास' हा विषय मॅडमनी फार पसरट म्हणून परत केला. कॉलेजात पीएच मीटर, ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं, त्यावरून क्षारता कळते) आणि फ्लेम फोटोमीटर आहे. हातात एक वर्ष.

पूर्णाकाठ:
भाऊ, 'अभ्यास' काढ आणि तिथे प्रश्न टाक. पूर्णेच्या खोऱ्यात पाणी खारं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच मोजलंस तर 'यात नवीन काय?' असंच विचारतील. उथळ विहीर आणि खोल बोअर, यांपैकी कुणाची क्षारता पावसाळ्यानंतर जास्त उतरते, हे विचार. उत्तर 'कुणाचीच नाही' असंही येऊ शकतं, म्हणून हा प्रश्न कामाचा.

१५ विहिरी, १५ बोअर. मे आणि नोव्हेंबरात त्याच ठिकाणचे नमुने. विहीर आटते, मोटर जळते, तेव्हा प्रत्येकी तीन जागा जास्तीच्या धर. विहिरीची खोली दोरी सोडून मोज. बोअरची मालकाकडच्या बिलावर मिळते, कारण पैसे फुटावर लागतात. बोअर दहा मिनिटं चालू दे, नाहीतर पाइपात साचलेलं पाणीच बाटलीत येतं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ, काठोकाठ भर. पीएच आणि ईसी जागेवरच घे.

दर्यापूर_रसायन:
एसएआर (सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं गुणोत्तर) पण काढू का सर?

माती_पाणी:
जरूर काढा, शेतकऱ्याच्या कामाचा आकडा तोच. सोडियम चढला की काळी माती फुगून बसते, पाणी मुरत नाही. सोडियम फ्लेम फोटोमीटरवर, कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए टायट्रेशनने. सूत्रात मिलिग्रॅम टाकू नका. आधी मिलिइक्विव्हॅलंट करा: सोडियम भागिले २३, कॅल्शियम भागिले २०, मॅग्नेशियम भागिले १२.१५. मग कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ काढून त्याने सोडियमला भागा.

ईसी मीटर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर लावून घ्या, २५ अंशांना १४१३ मायक्रोसिमेन्स यायला हवं. मीटरमध्ये तापमान दुरुस्ती आहे का तेही बघा. नसेल तर दर अंशाला साधारण २ टक्के फरक पडतो, आणि मे-नोव्हेंबरच्या तापमानातलाच फरक तुम्ही पावसाचा परिणाम म्हणून लिहून बसाल.

पूर्णाकाठ:
गणितासाठी प्रत्येक जागेचा मे वजा नोव्हेंबर फरक काढ आणि विहिरींच्या फरकांची बोअरच्या फरकांशी तुलना कर. सगळ्या ३० आकड्यांची एकच सरासरी काढलीस तर मूळ प्रश्नच बुडतो. मॅडमकडे जाण्याआधी शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) अमरावती-अकोल्याचे प्रबंध आणि केंद्रीय भूजल मंडळाचा जिल्हा अहवाल वाच. शीर्षक नोव्हेंबरचे आकडे आल्यावर ठरव.