मदत हवी आहे: बर्नआउटनंतर लक्ष आणि स्मरण घसरलंय, नागपुरात सविस्तर चाचणी कुठे होते?

नमस्कार मंडळी, लहान भावासाठी विचारतोय. वय ३४, बुटीबोरीच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, दीड वर्ष रोज अकरा-बारा तास काम, त्यातून बर्नआउट (कामाच्या ताणाने पार थकून जाणं).

बिलावर १८,५४० वाचतो आणि स्क्रीनकडे वळेपर्यंत १८,४५० टाकतो. मधेच फोन आला की कुठवर आलो होतो ते सापडतच नाही. जुन्या गोष्टी, नावं, रस्ते मात्र पक्के आठवतात. म्हणजे अडचण साठवणीत नसून वर्किंग मेमरीत (हातातलं काम होईपर्यंत माहिती डोक्यात धरून ठेवणं) आणि लक्ष वळवण्यात दिसते.

हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), बी-१२, साखर नॉर्मल. घोरणं नाही, दारू नाही, कुठलीही गोळी चालू नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या मते डिप्रेशन नाही. तीन आठवड्यांच्या रजेत झोप सात तासांवर आली, चुका तशाच. मोका (MoCA) या स्मरण-लक्षाच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २८. पण ती सौम्य स्मृतिदोष हुडकायची चाळणी आहे, चौतिशीतली बारीक घसरण तिच्यातून सहज निसटते.

आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्यामुळे काम हलकं करून घ्यायला कंपनीला लेखी निष्कर्ष लागतील. बंगळुरूच्या निम्हान्सला (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) जाणं सध्या शक्य नाही, सुट्टी फक्त रविवारी.

आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेलं, निम्हान्सची पूर्ण न्यूरोसायकॉलॉजी बॅटरी (लक्ष, स्मरण वगैरेंच्या चाचण्यांचा संच) घेणारं नागपुरात कोण आहे? बैठका किती, खर्च किती? आणि चाचणी आत्ताच करावी, की थकवा उतरेपर्यंत दोनेक महिने थांबावं?