एअरबॅगचा दिवा विझत नाही, हॉर्नही बंद: स्टिअरिंग घरी उघडावं का?

स्पॅनरवेडा
मंडळी, सल्ला हवाय. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटला तो पेटलाच. त्याच सुमारास हॉर्न गेला आणि स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही मेली. स्टिअरिंग फिरवलं की आतून खरखर येते. फ्यूज बघितले, ठीक आहेत. ब्रेक पॅड, ऑइल, अल्टरनेटर ही कामं मी घरीच करतो, हत्यारं आहेत. एअरबॅगला मात्र कधी हात लावलेला नाही. हे काम घरी करण्यासारखं आहे का? आणि गाडीचे दोष-कोड वाचणारा स्कॅनर कसला घ्यावा? माझ्याकडचा ब्लूटूथवाला 'एकही कोड नाही' म्हणतोय.

गॅरेजवाली_ताई
हॉर्न, बटणं आणि एअरबॅग एकदम गेले म्हणजे दहातल्या नऊ वेळा क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगच्या मागे एका चपट्या डबीत गुंडाळलेली रिबन केबल असते, ती तुटली की हे तिन्ही जातं. तुमचा स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड बहुतेक 'बी'ने सुरू होतात. ते वाचणारा आणि पुसणारा, तुमच्या गाडीच्या मॉडेलला चालणारा स्कॅनर घ्या. घ्यायच्या आधी यादीत 'एसआरएस' (एअरबॅग सिस्टमचं नाव) लिहिलंय का आणि तुमचं मॉडेल आहे का, दोन्ही बघा.

घरी करता येतं, पण तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हातात असेल तरच. चाकं सरळ करा, चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून टेप गुंडाळा. मग थांबा. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून एअरबॅगच्या ईसीयूत, म्हणजे कंट्रोल युनिटमध्ये, वीज साठवणारा कपॅसिटर असतो, तो रिकामा व्हायला वेळ लागतो. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही ३ मिनिटं, काही त्याहून जास्त. मी सरळ चहा ठेवते. सेटिंग पुसू नये म्हणून काही जण बाहेरून वीज देणारा मेमरी सेव्हर लावतात. या कामात तो अजिबात नको, सिस्टमला वीज मिळतच राहते. हायब्रिड असेल किंवा दुसरी १२ व्होल्टची बॅटरी असेल तर मॅन्युअलमधला तो भाग आधी वाचा.

बॅग निघाली की तिचं झाकण अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला करून न्या. ठेवताना झाकण वर. पालथी ठेवली आणि उडाली तर अख्खं मॉड्यूल छताकडे जातं. समोरची बॅग साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगते, तेव्हा 'हात मागे घेऊ' वगैरे विसरा.

स्टिअरिंगचा मधला नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. स्टिअरिंग झटक्यात सुटून तोंडावर येतं, फार जणांचं आलंय. शाफ्टवर हातोडा नको. आणि स्टिअरिंग शाफ्टच्या कुठल्या दातावर होतं त्याची खूण करून ठेवा.

मीटरबहाद्दर
इतकं काही नाही हो. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर काढा, मल्टिमीटरने बॅगचा रेझिस्टन्स बघा. डिजिटल मीटर एक मिलिअँपसुद्धा सोडत नाही, त्याने काय उडणार?

वायरिंगवाला
मीटरबहाद्दर, आकडा तुमचा चूक नाही. बॅग पेटवणारा इग्निटर उडायला साधारण सव्वा अँपिअर लागतो, चांगला डिजिटल मीटर त्याच्या जवळपासही जात नाही. पण हातातला मीटर चांगलाच आहे, रेंज बरोबरच लावली आहे, हे कोण सांगणार? बल्बवाला टेस्टर तर स्वप्नातही नको. दुसरं म्हणजे कनेक्टर काढला की आतली शॉर्टिंग पट्टी दोन्ही पिना जोडून टाकते, अंगातल्या स्थिर विजेने बॅग उडू नये म्हणून. बऱ्याच ठिकाणी मीटर त्या पट्टीचाच रेझिस्टन्स दाखवणार, शून्याजवळ. म्हणजे जोखीम घ्यायची आणि माहिती काहीच नाही. मॅन्युअल जो डमी लोड (तपासणीपुरता रेझिस्टर) सांगतं तो, बहुतेक २ ओहमच्या आसपासचा, बॅगच्या जागी लावा. कोड बदलला तर दोष बॅगमध्ये, तोच राहिला तर वायर किंवा क्लॉक स्प्रिंगमध्ये.

मीटरबहाद्दर
पट्टीचं माहीत नव्हतं. मान्य. पण मग तो रेझिस्टर तसाच ठेवला तर दिवाही जाईल की :)

वायरिंगवाला
जाईल, आणि धडकेच्या वेळी ईसीयू बॅगऐवजी त्या रेझिस्टरला उडवेल. जुन्या गाड्यांत विकणाऱ्याने नेमकं हेच केलेलं सापडतं. तपासून झालं की तो काढून डब्यात.

स्पॅनरवेडा
ताई, वायरिंगवाला, आभार. नवीन क्लॉक स्प्रिंग बसवताना काय जपू? आणि भंगारातली एअरबॅग पडून आहे, लागली तर ती चालेल का?

गॅरेजवाली_ताई
नवीन भाग मधोमध लॉक होऊन येतो. ती पिन किंवा स्टिकर सगळं बसेपर्यंत काढू नका. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणावर रिबन तुटते. कित्येक गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सर तिथेच असतो, त्याचं कॅलिब्रेशन स्कॅनरने करावं लागतं. जोडणी झाली की गाडीत कोणी बसलेलं नको, मग बॅटरी जोडा, बाजूने हात घालून इग्निशन ऑन करा. दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे.

भंगारातली बॅग नाही म्हणजे नाही. पडली होती का, पाण्यात होती का, कुणाला ठाऊक. टाकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने खराब होऊन धातूचे तुकडे उडाले, माणसं गेली, आणि जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने २०१७मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का, ते चॅसी नंबर टाकून आजच बघा. असेल तर आधी ते काम गाडीच्या कंपनीकडून करून घ्या.

रविवारची_गाडी
मध्येच घुसतेय. कार्पेट धुवायला सीट काढायची आहे, सीटखाली पिवळा कनेक्टर दिसतो. तोच का?

वायरिंगवाला
तोच. साइड एअरबॅग, धडकेत बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर किंवा दोन्ही त्यावर असतात, आणि प्रीटेन्शनरमध्येही बारूदच असते. बॅटरी सोडवायची, थांबायचं, मगच कनेक्टर. सीट बाहेर असताना इग्निशन लावलंत तर कोड साठतो आणि दिवा राहतो. मधल्या कन्सोलखाली ईसीयू असतो, त्यावर पाणी जाऊ देऊ नका. साइड एअरबॅगवाल्या सीटला घट्ट कव्हर घालायचं असेल तर बॅग सीटच्या ज्या शिवणीतून बाहेर येते तिथे उघडणारंच घ्या.

रविवारची_गाडी
कव्हर घातलंय आधीच, शिवण कुठे आहे तेच दिसत नाही. उद्या काढून बघते.