अनुभव धागा: बोडक्या डोंगरांवर पाणी, कातळ आणि उतरण

मलप्रभा कणकुंबीत उगम पावते तिथं जंगल इतकं दाट आहे की भर दुपारीही वाटेवर सावली असते. तीच नदी सौंदत्तीजवळ नवीलतीर्थच्या धरणाला पोचते तोवर दोन्ही बाजूंचे डोंगर उघडे पडलेले असतात. आम्ही बेळगावकर बहुतेक जण पश्चिमेकडे तोंड करून डोंगर शिकलो. राजहंसगड, महिपाळगड, पारगड, चोर्ला. तिकडे तहान लागली तर कुठंतरी झरा असतो, वाट चुकली तर धनगरवाडा लागतो. त्यामुळे पाण्याचा हिशेब करायची सवयच अंगात नाही.

गेल्या मार्चात आम्ही तिघं गोकाकच्या बाजूच्या वालुकाश्माच्या कड्यांवर गेलो. माणशी दोन लिटर पाणी, शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चढायला लागलो तेव्हाच साडेनऊ वाजले होते. वर पोचेपर्यंत पाणी निम्म्याच्या खाली आलं, आणि भाकरीनं घसा आणखीच कोरडा पडला. उतरताना घळीत माझा मावसभाऊ मध्येच थांबला. आधी चिडचिड करत होता, मग विचारलं एक तर सांगायचं भलतंच. अंग चुलीसारखं तापलेलं. एका कपारीच्या सावलीत त्याला आडवं केलं, शर्ट काढला, उरलेलं पाणी मानेला आणि काखेत लावून वारा घालत बसलो. दुसरा मित्र खाली गेला आणि एका मेंढपाळाकडून घागरभर पाणी घेऊन आला. संध्याकाळी दवाखान्यात सलाईन लावलं. भाऊ बरा झाला, पण ते चार तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आपल्या सीमाभागातले कितीतरी जण आखातात आहेत, फौजेत आहेत, अमेरिकेत आहेत. ज्यांनी असे कोरडे, निर्जन डोंगर चढलेत त्यांनी लिहा. पाणी किती नेता, कातळ कसा ओळखता, परत कधी फिरता? लहानसा अनुभवही चालेल.

मस्कतहून (मूळ गाव खानापूर तालुक्यात)

दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. मावसभावाला सांभाळा. मी इथं अकरा वर्षं आहे आणि दर हिवाळ्यात जबल शम्सला जाते. ओमानमधला हा सगळ्यात उंच डोंगर, ३,००० मीटरच्या घरातला. उत्तरेकडचं शिखर लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून आपण दक्षिणेकडच्या २,९९७ मीटरच्या शिखरावर जातो. पठारापासून साधारण हजार मीटरचा चढ आहे, जाऊन यायला अख्खा दिवस लागतो. वाटेवर दगडांना पिवळ्या, पांढऱ्या, लाल रंगाचे पट्टे मारलेले असतात, त्यांच्याच भरवशावर चालायचं.

हा सगळा चुनखडक आहे, कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचलेला. वरपर्यंत शिंपल्यांचे ठसे दिसतात. खडक करवतीसारखा, हात टेकला की कातडी निघते. म्हणून मी बागकामाचे जाड हातमोजे घेऊन जाते.

दुसऱ्याच वर्षी आम्ही चुकलो. उतरताना गप्पांच्या नादात एका छान मळलेल्या वाटेला लागलो. ती वाट शेळ्यांची होती. शेळ्या जिथं जातात तिथं माणसाला जाता येतंच असं नाही. अर्ध्या तासानं आम्ही एका अरुंद कंगोऱ्यावर उभे होतो आणि खाली दरी. नवरा म्हणाला, इथूनच आडवी मारू, समोर वाट दिसतेय. मी हट्टानं नाही म्हटलं. शेवटचा रंगाचा पट्टा जिथं दिसला होता तिथवर परत चढून गेलो. वीस मिनिटं चढ, गुडघे थरथरत होते. पट्ट्याशी पोचल्यावर खरी वाट दहा पावलांवर दिसली. तेव्हापासून माझा नियम तोच आहे. खूण दिसेनाशी झाली की थांबायचं, अंदाजानं पुढं जायचं नाही.

पाणी माणशी पाच लिटर नेते, त्यातल्या एका लिटरमध्ये लिंबू, मीठ आणि साखर. नुसतं पाणीच पीत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, आणि माणूस ते उन्हामुळं समजून आणखी पाणी पितो. आणि वाडीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, कधीही मुक्काम करू नका. डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, पाऊस लांब डोंगरात पडलेला असतो आणि लोंढा इथं येतो.

निवृत्त सैनिक, मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव तालुका

लडाखात दोन वेळा पोस्टिंग झालं. तेही वाळवंटच आहे, थंडीचं. लेह ३,५०० मीटरवर. हवा एवढी कोरडी की घाम आल्या आल्या वाळतो, माणसाला वाटतं आपल्याला घामच नाही. तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि तिथंच फसतात. लघवीचा रंग बघा. गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडलंय. पोचल्यावर पहिले दोन दिवस काही करायचं नाही. जवान पोरं ऐकत नाहीत खरं डोंगर ऐकवतो.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारावर, चालताना एकाच्या बरोबर खाली दुसरा नको. वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या डोक्यात येतो. तिरकं चला, अंतर ठेवा, दगड सुटला तर "दगड!" म्हणून ओरडा. तुमच्या मित्राला एकट्याला खाली पाठवलं ते त्या वेळी बरोबर होतं, कारण दुसरा इलाज नव्हता. पण पुढच्या वेळी चौघं जा.

निपाणीची, सध्या लास व्हेगासजवळ, नेवाडा

काका, तुमचं तिरकं चालणं मी पहिल्याच डोंगरावर न शिकल्यामुळं माझ्या मैत्रिणीच्या पिंढरीवर दगड लागला होता. अजून व्रण आहे.

इथं शहराच्या पश्चिमेला रेड रॉक कॅन्यन म्हणून भाग आहे. खाली लाल वालुकाश्म, अगदी बदामीची आठवण यावी असा, आणि त्याच्यावर राखाडी चुनखडक. गंमत म्हणजे वरचा चुनखडक खालच्या वालुकाश्मापेक्षा जुना आहे. भूगर्भातल्या दाबानं तो सरकून वर चढून बसला. तिथलं टर्टलहेड नावाचं ६,३०० फुटांचं शिखर माझं पहिलं. निम्म्यापर्यंत पायवाट, मग एक घळ, सगळा घसारा, दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. हात लावून चढायच्या जागी मी सातवीत शिकवलेलं एकच सूत्र धरलं. दोन हात, दोन पाय, त्यातले तीन कायम खडकावर, हलवायचा फक्त एक. आणि खोबणीत हात घालण्याआधी बघायचं. तिथं रॅटलस्नेक, हा विषारी साप, सावलीला बसलेला असू शकतो.

चोया नावाचं एक निवडुंग आहे, नुसता धक्का लागला तरी त्याचा काटेरी गोळा अंगाला चिकटतो. हातानं काढायला गेलं की हातालाही चिकटतो. इथले जुने लोक खिशात कंगवा ठेवतात, कंगव्यानं गोळा उडवायचा. मी आईनं दिलेली फणी ठेवते. पाऊस झाला की एक-दोन दिवस वालुकाश्मावर चढायचं नाही, हेही इथंच शिकले. ओला वालुकाश्म आतून कमजोर होतो, धरलेला कंगोरा हातात येतो.

मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. इथल्या ओसाड शिखरांवर बऱ्याचदा दगडांच्या ढिगात एक डबा ठेवलेला असतो आणि आत वही. आलेला माणूस तारीख आणि दोन शब्द लिहितो. वर्षभरात पाच-सात नोंदी असतात काही ठिकाणी. एका वहीत मी मराठीत लिहिलं: "निपाणीहून आले. वारा खूप आहे. आईची आठवण आली." पुढच्या वर्षी परत गेले तर खाली कुणीतरी इंग्रजीत विचारलं होतं, ही कुठली लिपी आहे? मी तिथंच बसून उत्तर लिहिलं.

शहापूर, बेळगाव

मी साठीची आहे, माझा अनुभव छोटा. कच्छात काळो डुंगर चढले, ४६२ मीटरचा, वर दत्ताचं मंदिर आहे. गाडी वरपर्यंत जाते, पण दत्ताचं दर्शन पायी घ्यावं म्हणून मी आणि जाऊ खालच्या वळणापासून चाललो. तिथं पुजारी कोल्ह्यांना प्रसाद घालतात. समोर पांढरं रण, क्षितिजापर्यंत मीठ. नरसोबाच्या वाडीला पाण्यातला दत्त बघितलेला, इथं पाण्याच्या थेंबाशिवायचा. आम्ही पहाटे निघालो होतो म्हणून निभावलं.

गोकाक तालुका

धागा काढणाऱ्या दादांना सांगतो, राग मानू नका. मार्चमध्ये साडेनऊ ही आमच्याकडं चढायची नव्हे, उतरून घरी यायची वेळ आहे. आम्ही गुरं घेऊन जातो तेही उजाडायच्या आत. वालुकाश्म दुपारी तापला की संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहतो, ऊन कललं तरी घळ भट्टीसारखी असते. तुम्ही कपारीत थांबलात ते देवानं सुचवलं.

आणखी एक. आमच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. कपारीखाली काळे डाग दिसले, मधाचा वास आला तर तिथून आवाज न करता मागे फिरा. अत्तर लावून जाऊ नका, विडी ओढू नका, खाली जाळ करू नका. माझ्या चुलत्याला चाळीस-पन्नास माश्या चावल्या होत्या, कड्यावर पळायलाही जागा नव्हती. दोर, पाणी सगळं आणतात लोक, वर बघत नाहीत.

पुढच्या वेळी सांगून या. मी येतो बरोबर.

धागा काढणारा

अण्णा, राग कशाचा. भावाला तुमचं वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, यांच्याबरोबरच जायचं. डिसेंबरात येतो. पहाटे पाचला धबधब्याच्या झुलत्या पुलाजवळ भेटू. आम्ही चौघं, पाणी माणशी चार लिटर, एकात लिंबू-मीठ-साखर. भाकरी मऊ नेणार. गोडाला करदंट तुमच्याकडचा, कुंदा आमच्याकडचा.